शेतकऱ्याच्या वाट्याची बंदूक

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात अजून परवान्याची बंदूक आहे, किंवा ज्यांचं कापणीला आलेलं भात डुकरांनी एका रात्रीत लोळवलंय, त्यांनी वेळ काढून वाचा.

काकांच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो होतो. जेवणं झाली, पानं उचलली, आणि काकीने ट्रंकेतून परवान्याचं जुनं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. "त्या बंदुकेचा काय करूचा? तू पेपरात लिवतस, तूच सांग." काका गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केलेली. एकनळी बाराबोर, बेल्जियमची. आजोबांनी साठच्या दशकात घेतलेली. त्याआधी आमच्याकडे ठासणीची होती.

तेवढ्यात चुलतभावाचा मुलगा मध्ये पडला. पुण्याला नोकरीला असतो. "काका, ती जुनी देऊन टाकू. मी परवाना काढतो आणि स्वस्तातली एखादी चांगली शॉटगन घेऊ. रविवारी क्ले शूटिंगला होईल, गावी आलो की शिकारीलाही चालेल." फोनवर त्याने व्हिडिओ दाखवले. अमेरिकेतला कुणीतरी पाच बंदुका टेबलावर मांडून सांगत होता, कमी पैशात कोणती घ्यावी.

प्रश्न साधा होता. पण उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे स्वस्त बंदूक म्हणजे काय हे दुकानदार ठरवतच नाही. ते दीडशे वर्षं कायदा ठरवत आलाय. म्हणून हा थोडा इतिहास.

आधी बंदुकीबद्दल. बाराबोर म्हणजे काय, हे बाराबोर वापरणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं तर ती बाराबोर. नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्यांचा पौंड झाला तर वीसबोर, म्हणजे नळी बारीक. आकडा वाढला की नळी लहान. आत रायफलीसारखे आटे नसतात, म्हणून कायद्याच्या भाषेत ती गुळगुळीत नळीची बंदूक. एका बारात अनेक छर्रे सुटतात आणि पसरत जातात. पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या जगात ठासणीचीच बंदूक होती. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजाने ठासायचं. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि चकमकीची गरज संपली. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये लफोशो याने मधून मोडणारी, मागून काडतूस भरायची बंदूक आणली. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये अॅन्सन आणि डीली या दोघांनी आतली यंत्रणा इतकी सोपी केली की सुटे भाग कमी झाले आणि खर्चही उतरला. बेल्जियममधल्या लिएज शहराने तर स्वस्त बंदुका बनवून जगभर पाठवण्याचा धंदाच उभा केला. आमच्या एकनळीवर लंबवर्तुळात इ-एल-जी अशी अक्षरं आहेत, ती लिएजच्या चाचणीची खूण.

म्हणजे एकोणिसावं शतक संपेपर्यंत युरोप-अमेरिकेतल्या साध्या शेतकऱ्याला परवडेल अशी काडतुसाची बंदूक बाजारात आली होती.

क्ले शूटिंगही त्याच काळातलं. त्याआधी हौशी लोक पेटीतून जिवंत कबुतरं सोडून मारायचे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरं मारण्याची स्पर्धा झाली होती. मग कबुतराऐवजी काचेचे गोळे उडवून पाहिले. १८८० मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची चपटी तबकडी आणली. ती फिरत फिरत पक्ष्यासारखी तरंगत जाते. नाव मात्र "मातीचं कबुतर" असंच राहिलं. जिवंत कबुतरांच्या अशा नेमबाजीवर इंग्लंडने १९२१ मध्ये बंदी घातली. शिकाऱ्याला हंगाम नसताना सराव हवा, म्हणून हा खेळ वाढला. तिकडे शिकार आणि क्ले यांना एकच बंदूक चालते, ती यामुळे. पुतण्याच्या व्हिडिओत जी पंपाची रेमिंग्टन ८७० होती, ती १९५० ची. आधीचं मॉडेल बनवायला महाग पडत होतं, म्हणून कंपनीने ही सोपी आणि स्वस्त बंदूक काढली. तिच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.

आता आपल्याकडे येऊ.

तिकडे बंदूक स्वस्त होत होती, त्याच वर्षांत इथे ती लोकांच्या हातातून काढली जात होती. १८५७ नंतर इंग्रज सरकार सावध झालंच होतं. व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक नाही. युरोपियनांना मात्र सूट. हा वर्णभेद १९२० च्या सुमारास नियमांतून निघाला, तोपर्यंत चाळीस वर्षं गेली होती.

काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत आले. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत मोजला. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला आहे असं कलम होतं. मग १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालायची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, हा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती फेटाळली गेली. मला स्वतःला तो निर्णय बरोबर वाटतो. रस्त्यावर कमरेला पिस्तूल लावून फिरणारे पुढारी आपण पाहतोच.

पण शेतकऱ्याचं काय झालं?

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातलं कलम १३ चं तिसरं पोटकलम प्रत्येक शेतकऱ्याने एकदा वाचावं. सोप्या भाषेत सांगतो. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कुणी ठासणीची बंदूक मागितली, तर इतर काही अडचण नसल्यास अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. मात्र ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर तो काडतुसाची बंदूक देऊ शकतो. पहिल्या ठिकाणी "द्यायचा", दुसऱ्या ठिकाणी "देऊ शकतो". त्याच कलमात, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागणाऱ्याला वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीची काडतुसाची बंदूक पहिल्याच झटक्यात लिहिलेली आहे.

म्हणजे बघा. शहरात खेळासाठी मागणाऱ्याला काडतुसाची. शेतात डुकरासमोर उभ्या राहणाऱ्याला १८०७ च्या जमान्यातली. तिच्यापुढची हवी तर साहेबाला पटवून द्या.

ठासणीची बंदूक ज्याने पावसात वापरली नाही, त्याला यातली गोम कळणार नाही. आमच्याकडे भात पिकतं ते पाऊस पुरता गेलेला नसताना. मांगरात ओल, दारूला ओल. टोपी फुटते, बार सुटत नाही. मग थांबायचं, कारण तो उशिरानेही सुटू शकतो. एक बार काढला की पुन्हा ठासायला मिनिटभर तरी जातो, तेही अंधारात. त्या मिनिटात जखमी डुक्कर काय करतं हे सांगायला नको. म्हणून लोक संध्याकाळीच ठासून बंदूक मांगराच्या खांबाला टांगून ठेवायचे. काडतुसाची बंदूक मोडून दोन सेकंदांत रिकामी करता येते. ठासलेली बंदूक रिकामी करायचा सोपा उपाय म्हणजे बार काढणं. भरलेली म्हणून टांगलेली बंदूक पडून झालेले अपघात, आणि डुक्कर समजून माणसावर झाडलेली गोळी, या बातम्या मी स्वतः लिहिल्यात. एकदा तर ज्याच्या घरी आदल्या महिन्यात गणपतीला जेवलो होतो, त्याची. स्वस्त बंदुकीची खरी किंमत कधीकधी अशी मोजावी लागते.

आजोबांनी ठासणी सोडून काडतुसाची घेतली ती यासाठीच. कायद्यात "देऊ शकतो" लिहिलं होतं आणि त्या वेळच्या अधिकाऱ्याने दिली, एवढंच.

सगळ्या देशात असंच आहे असंही नाही. शेजारच्या कर्नाटकात कोडगूमध्ये कोडव समाज आणि जम्मा जमीनधारक यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. आपल्याकडेही तशी सूट द्या असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्याच्या हातातली बंदूक म्हणजे धोकाच, हे गृहीतक सगळीकडे सारखं नाही, एवढं लक्षात घ्या.

बंदुकीचा कायदा असा झाला. जनावराचा कायदा वेगळ्या वाटेने गेला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. तेव्हा काही प्राण्यांच्या शिकारीला परवाने मिळत होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. हौसेची शिकार संपली. हा कायदा आवश्यकच होता. राजे आणि साहेब वाघासोबत फोटो काढून घेत होते, आणि जंगलं रिकामी होत होती.

म्हणून पुतण्याला पहिलं उत्तर दिलं: शिकारीसाठी बंदूक हा विचार डोक्यातून काढ. आपल्या देशात हौसेची शिकार हा गुन्हा आहे. ससा असो, कोंबडा असो, कवडा असो. व्हिडिओतला माणूस बोलतो ते त्याच्या देशात.

मात्र याच कायद्याच्या कलम ११ मध्ये शेतकऱ्यासाठी एक दार आहे. प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर अधिकृत वनाधिकारी त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे, तिथे हे दार उघडतं. गवा पहिल्या अनुसूचीत, त्याला हे दार नाही. दोडामार्गच्या हत्तीलाही नाही. महाराष्ट्र शासनाने डुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी परवानगी लवकर मिळावी म्हणून २०१५ मध्ये निर्णयही काढला. केरळने २०२२ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी रानडुकराच्या बाबतीत हा अधिकार पंचायत आणि नगरपालिकांच्या प्रमुखांनाच दिला, आणि परवानाधारक बंदूकवाल्यांकडून काम करून घ्यायचं ठरवलं.

परवानगी मिळाली तरी मारणार कोण? गावात बंदूक असलेला माणूस सत्तरीचा, मुलं मुंबईला. आणि त्याची बंदूक तरी घरात असते का?

इथे एक साधी गंमत सांगतो, गंमत म्हणायची तर. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं जमा करण्याचे आदेश येतात. प्रत्येक परवानाधारकाचा विचार समितीने करायचा असतो. गावात पोचेपर्यंत त्याचा अर्थ "आणून टाका" एवढाच उरतो. आता विधानसभेच्या मतदानाच्या तारखा बघा. १३ ऑक्टोबर २००४. १३ ऑक्टोबर २००९. १५ ऑक्टोबर २०१४. २१ ऑक्टोबर २०१९. आणि आपलं भात कापणीला कधी येतं? ऑक्टोबरात. चार निवडणुका डुकरांना आचारसंहिता नव्हती आणि बंदूक ठाण्यात होती. काका दर वेळी बंदूक जमा करून यायचे आणि रात्री मांगरात डबा बडवत बसायचे.

आता पुतण्याच्या क्ले शूटिंगकडे. त्याचा मी हिरमोड केला नाही, कारण हा खेळ चांगला आहे आणि आपल्या लोकांनी त्यात नाव काढलंय. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं, ते पाच ऑलिंपिक खेळले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणलं. खेळ राजघराण्यातून सैन्यापर्यंत आला, पण शेतकऱ्यापर्यंत अजून आलेला नाही.

त्याला जे सांगितलं ते इथेही देतो, कुणाला उपयोग झाला तर बरं.

पहिलं, आधी बंदूक घेऊ नकोस. रायफल क्लबात नाव घाल, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण पुरं कर, क्लबच्या बंदुकीने खेळून बघ. खांद्याला बसणारी बंदूक आणि फोटोत छान दिसणारी बंदूक वेगळी असते.

दुसरं, बंदुकीपेक्षा काडतुसं महाग पडतात. तबकडी फक्त ११ सेंटिमीटरची. ट्रॅपचा एक फेरा पंचवीस तबकड्यांचा, एकेका तबकडीवर दोन बार काढायची मुभा. म्हणजे एका फेऱ्याला पंचवीस ते पन्नास काडतुसं. महिन्यातून चार रविवार धर आणि गुणाकार कर.

तिसरं, हौशी माणसाला बाराबोर, अठ्ठावीस इंचांच्या आसपास नळी, एकावर एक दोन नळ्या, वजन सव्वातीन किलोच्या घरात, एवढं पुष्कळ झालं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदुकीची आयात बंद आहे. त्यामुळे जुन्या परदेशी बंदुकीला इथे सोन्याचा भाव. सरकारी आयुध निर्माणीची, किंवा मुंगेर नाहीतर जम्मूच्या कारखान्यातली देशी बंदूक स्वस्त मिळते.

चौथं, जुनी घेताना ती मोडून नळी उजेडाकडे धर. आत खड्डे किंवा बाहेर चेप असेल तर सोडून दे. सांधा ढिला असेल तर सोडून दे. नळीवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती जुन्या पद्धतीने पट्ट्या पिळून केलेली नळी, तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही. आणि कक्षाची लांबी तपास. पासष्ट मिलिमीटरच्या कक्षात सत्तरचं काडतूस बसतं, पण सुटताना तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब भलताच वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं घेतानाही लांबी वाचून घ्यायची.

हे सगळं सांगताना मला काका आठवत होते. चाळीस वर्षं बंदूक बाळगली. परवान्यावर वर्षाला ठरलेली काडतुसं, तीही जपून वापरायची. सराव म्हणून एकही बार त्यांनी काढला नसेल. आणि त्यांना नेम धरायचा होता कशावर? काळोखात, विजेरीच्या उजेडात, पळणाऱ्या डुकरावर, शेजाऱ्याचा मांगर शंभर पावलांवर असताना. ज्याच्याकडे सराव आहे त्याच्या शेतात डुक्कर नाही, आणि ज्याच्या शेतात डुक्कर आहे त्याला सराव नाही. आपण शेतकऱ्याला परवाना दिला, आणि सगळ्यात मागासलेली बंदूक द्यायची सोय ठेवली. ती चालवायला शिकवलं मात्र कधीच नाही.

नुसत्या बंदुकीने हा प्रश्न सुटणार नाही, हेही खरं. कुंपण हवं, पंचनामा वेळेत हवा, भरपाई पुरेशी हवी. पण बंदूक हा उपाय कायद्यात ठेवलाच आहे, तर तो नीट ठेवा. माझ्या मागण्या चारच आहेत.

पीकसंरक्षणाच्या परवान्याला ठासणीची अट मूळ आणि काडतुसाची अपवाद, हे उलटं करा.

प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा परवानाधारक शेतकऱ्यांना क्लेवर सराव आणि सुरक्षिततेचं शिक्षण द्या. खेळाची तबकडी शेतकऱ्याच्या कामाला येईल.

निवडणुकीत सरसकट शस्त्रं जमा करू नका. ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याचं शेत उभं आहे, त्याची बंदूक कापणीपर्यंत त्याच्याकडे राहू द्या.

आणि वारसांचे अर्ज लोंबकळत ठेवू नका. २०१६ च्या नियमांत तर धारक सत्तरीला पोचला किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. हे आमच्या काकांना कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. पेपरात असून.

काकीला काय सांगितलं? चुलतभाऊ गावी परत येतोय, शेती करायची म्हणतोय. त्याच्या नावाने वारसाचा अर्ज केलाय. बंदूक मिळाली तर आधी कारागिराकडून नळी तपासून घ्यायची, तोपर्यंत एकही बार काढायचा नाही. नाही मिळाली तर रीतसर देऊन टाकायची. काकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि तवसर डुकरांका काय सांगू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर लिहा. तुमच्या गावात पीकसंरक्षणाच्या किती बंदुका होत्या, किती उरल्या, परवानगी मागितल्यावर किती दिवसांनी मिळाली, हे कळवा. नावं टाकू नका, गाव आणि पीक पुरे. पुढच्या महिन्यात हे सगळं एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांकडे देणार आहे.